जुन्या सायकलीच्या जाहिरातीत साइज का नसते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'जुनी सायकल विकणे आहे' अशी ओळ दिसली की मी ती हमखास वाचते आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. त्यात कंपनी असते, रंग असतो, २१ गिअर असतात, डिस्क ब्रेक असतो, 'कंडिशन एकदम मस्त' असतं, 'फक्त सहा महिने वापरलेली' असतं, किंमत आणि फोन नंबर तर असतोच. साइज मात्र नसते. मोबाइलवर जुन्या वस्तू विकतात तिथे तेच, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेच. चप्पल घ्यायला गेलं तर दुकानदार आधी नंबर विचारतो, आणि जिच्यावर बसून रोज दहा-बारा किलोमीटर जायचंय ती वस्तू आपण नंबर न विचारता घेतो आणि विकणारा पण सांगत नाही. पत्र जरा लांब होईल, पण या एका गोष्टीपायी माझे अडीच हजार रुपये गेलेत आणि मनगट तीन आठवडे क्रेप बँडेजमधे होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी कर्वेनगरला राहते आणि लक्ष्मी रोडवर एका साड्यांच्या दुकानात हिशेब बघते. घरात एकच दुचाकी आहे, ती मिस्टर कंपनीत नेतात चाकणला. मी बसनेच जायचे. १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं, महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला, आणि मुलीचा क्लास पण त्याच महिन्यात सुरू झाला. वहीत आकडे मांडून बसलो तेव्हा मिस्टरच म्हणाले की सहा किलोमीटरचा तर प्रश्न आहे, तू कॉलेजला सायकलवरच जायचीस ना, मग जुनी बघूया एखादी. बजेट पाच हजार ठरलं, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या पासाहून पण कमीच.

पहिली सायकल घेतली ती अशी. कोथरूडमधे एक मुलगा फ्लॅट सोडून बेंगळुरूला चालला होता, त्याची गिअरवाली सायकल, चांगल्या कंपनीची, एक ओरखडा नाही, नवीन घेताना सोळा हजारांची आणि आता साडेपाच. पार्किंगमधे एक चक्कर मारून बघितली. चढताना मी फूटपाथच्या कडेवर पाय ठेवून चढले, उतरताना पण तिथेच येऊन उतरले, आणि मला काही वेगळं वाटलंच नाही. सायकल हलकी पळत होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. मुलगा सहा फुटाला थोडा कमी. माझी उंची पाच फूट एक इंच. त्याने फसवलं असं मी अजिबात म्हणणार नाही, साइज नावाची काही भानगड असते हे त्याला पण माहीत नव्हतं आणि मला पण नव्हतं. सीट पार खाली ढकलून दिली आणि घेऊन आले.

आठवड्याभरात हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मान दुखायची, खांद्यांच्या मधे आग व्हायची. मला वाटलं सवय नाही, होईल हळूहळू, चाळिशी उलटून गेल्यावर सायकल चालवतेय तर एवढं होणारच. मग एक दिवस सकाळी साडेनऊला म्हात्रे पूल ओलांडून नव्या पेठेच्या बाजूच्या सिग्नलला थांबले. ब्रेक लावला, सीटवरून पुढे सरकले, आणि पाय जमिनीला पोचायच्या आधीच दांडी आडवी आली. डाव्या पायाचा अंगठा टेकला, सायकल उजवीकडे कलली, आणि मी हातावर पडले. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून हे पत्र लिहितेय. त्यानेच उठवून बसवलं, पाणी दिलं. सायकलला काहीही झालं नव्हतं. ती महिन्याभराने तीन हजारांना विकली, माझ्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाला, आणि त्याला ती अगदी अंगासारखी बसली.

विकायच्या आधी तिची हवा भरायला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे तिथे गेले होते. तिथले काका चाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, ही तुमच्या मापाची कुणी दिली तुम्हाला? ही एकोणीसची आहे." एकोणीस म्हणजे काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

आणि तेव्हा मला बाबांची सायकल आठवली. माझे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, नाना पेठेतून रोज सायकलने जायचे, भोंगा वाजला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा तो मी लहानपणी बघितलाय. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते दिवस. सायकलला तेव्हा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलिस अडवायचे, डबलसीट धरायचे. बाबांची काळी ॲटलस होती आणि ते नेहमी सांगायचे, "माझी चोवीसची, तुझ्या काकाची बावीसची." मला लहानपणी ते चाकाचं माप वाटायचं. ते फ्रेमचं माप होतं. चाकं सगळ्यांची अठ्ठावीसचीच असायची, पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असायचा, 'बावीस का चोवीस?' दुकानदार माणसाला वरून खाली बघून स्वतःच सांगायचा. ज्यांचं आयुष्य सायकलवर जायचं त्यांना हे माहीत असायचं. आता दुकानात पहिला प्रश्न येतो, 'गिअरची का विदाउट गिअर?' आणि जुनी घेताना तर तोही येत नाही, फक्त 'लास्ट किती?' एवढंच.

मधल्या काळात २०१७-१८ मधे ॲपवरच्या भाड्याच्या सायकली पुण्यात आल्या होत्या, त्यांना निदान सीटचा खटका होता, जो येईल तो आपल्या उंचीप्रमाणे सीट वरखाली करून निघायचा. तेवढं तरी लोकांच्या डोक्यात राहायला हवं होतं.

तर दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी मला जे शिकवलं आणि मी नंतर तीन-चार जणींबरोबर सायकली बघायला जाऊन जे पक्कं केलं ते इथे लिहिते, कारण हे फुकट आहे आणि घरच्या टेपने होतं.

सायकल बघायला जायच्या आधी स्वतःचं माप घ्यायचं. चपला काढून भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे वर सरकवत न्यायचं, सीटवर बसल्यासारखं घट्ट लागेपर्यंत, आणि पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलची खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाचं माप. माझं ७१ सेंटिमीटर भरलं. उंची सारखी असली तरी हे माप वेगळं निघतं, माझी जाऊबाई माझ्याएवढीच आहे पण तिचे पाय लांब, तिचं ७५ आलं. म्हणून नुसत्या उंचीवर जाऊ नका.

आता सायकल. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट जमिनीवर, नेहमीच्या चपला घालून उभं राहायचं, टाचा टेकलेल्या. दांडी आणि तुमच्यामधे निदान इंचभर जागा राहिली पाहिजे, जाड टायरची खडबडीत रस्त्यावरची सायकल असेल तर दोन इंच. एवढं एकच केलं असतं तर माझे अडीच हजार वाचले असते. कडेवर पाय ठेवून चढायचं नाही, पायरीवरून चढायचं नाही, विकणारा सायकल धरून उभा राहिला तर त्याला सोडायला सांगायचं.

आणि फ्रेमचं माप घ्यायचं ते असं. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटची नळी वर जिथे संपते, म्हणजे सीटचा पाइप आत जातो ती कड, तिथपर्यंत टेप लावायचा. सीटपर्यंत नाही हं, नळीच्या तोंडापर्यंत. आडव्या हँडलच्या सायकलींना साधारण असं धरायचं की पाच फूट ते पाच-तीनला पंधरा-सोळा इंच, पाच-चार ते पाच-सातला सतरा-अठरा, पाच-आठ ते पाच-अकराला एकोणीस-वीस, आणि त्याच्या पुढच्यांना एकवीसच्या वर. हा अंदाज आहे, हल्लीच्या फ्रेमची दांडी मागे उतरती असते म्हणून आकडा बरोबर आला तरी दांडीवर उभं राहून बघायचंच. काही सायकलींवर नळीला स्टिकर असतो, एस, एम, एल किंवा नुसता आकडा, तो पुसला गेला असेल तर टेप आहेच.

इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो सांगते. जाहिरातीत लिहितात '२६ इंची सायकल'. ते चाक. २६ च्या चाकावर चौदाची पण फ्रेम येते आणि एकवीसची पण येते. लोक म्हणतात मोठ्या माणसाला सव्वीसची, मुलांना चोवीसची, आणि झालं, संपलं. माझ्या दुकानातल्या एकीने 'सव्वीसची आहे ना, मग घे' म्हणून नवऱ्यासाठी सायकल आणली, नवरा पाच-दहा आणि फ्रेम पंधराची, गुडघे हँडलला लागायचे. ती अजून जिन्याखाली उभी आहे.

लहान सायकलवर सीट वर ओढून काम भागवतात, ते पण सांगायला पाहिजे. आमच्या शेजारच्या सोसायटीचे वॉचमन, चांगले उंच, मुलाची जुनी चोवीस चाकाची सायकल वापरायचे. सीटचा पाइप इतका वर काढलेला की आत जेमतेम दोन बोटं राहिला होता. त्या पाइपवर खाली रेघांची खूण असते, ती बाहेर दिसली की थांबायचं, पाइप त्याच्या वर काढायचा नाही. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर नळी तोंडाशी फाटली आणि सीटसकट मागे पडले. कमरेला मार बसला, आठ दिवसांची ड्युटी बुडाली.

सीटची उंची किती हवी याबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे, की सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. तसं ठेवलं तर पायडल मारताना गुडघा सारखा दुमडलेला राहतो, जोर लागत नाही, आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. मग लोक म्हणतात सायकलने गुडघे जातात. सायकलने नाही जात, खाली ठेवलेल्या सीटने जातात. खरं माप असं की पायडल एकदम खाली नेऊन त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्याला हलकासा बाक राहतो. ज्यांना आकडा हवा त्यांनी पायाचं माप गुणिले ०.८८३ करावं, तेवढं अंतर एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझं ७१ चं साधारण ६३ सेंटिमीटर आलं. एवढ्या वर बसल्यावर नुसते चवडे टेकतात, टाचा नाही, आणि म्हणूनच सिग्नलला सीटवरून पुढे उतरून दांडीवर उभं राहावं लागतं, आणि म्हणूनच दांडी उंच असून चालत नाही. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, मला ते पडल्यावर कळलं.

यावरून एक सोपी परीक्षा, जी मी आता सगळ्यात आधी करायला सांगते. विकणाऱ्याच्या समोर सीट ढिली करून वरखाली करून बघायची. पावसात उभ्या राहिलेल्या जुन्या सायकलींचा पाइप आत गंजून बसलेला असतो, हातोडीने पण हलत नाही. सीट हलत नसेल तर ती सायकल त्या एकाच उंचीच्या माणसाची आहे. ती उंची तुमची असेल तर ठीक, नाहीतर 'दुकानात नेऊन काढून घ्या ताई' याला भुलू नका. हँडलचं पण तसंच, वर होतं का, फिरतं का बघायचं.

राहिलं हँडलचं अंतर. सीटच्या पुढच्या टोकाला कोपर लावून हात हँडलकडे लांब केला तर बोटांची टोकं हँडलच्या मधल्या भागाला साधारण लागली पाहिजेत. खूप पुढे असेल तर अंगाचा भार तळव्यांवर येतो, माझी बोटं बधिर व्हायची ती त्यानेच. थोडा फरक असेल तर सीट रेल्सवर बोटभर पुढे-मागे सरकते, हँडलची मान, म्हणजे हँडल धरणारा मधला तुकडा, आखूड घालता येते, दोन-तीनशे रुपयांत होतं. पण फ्रेम बदलता येत नाही. टायर, ट्यूब, चेन, ब्रेक, सीट, सगळं बदलता येतं, म्हणून घासाघीस त्यावर करा, फ्रेमवर तडजोड करू नका.

दुसरी सायकल घ्यायला मी काकांना बरोबर नेलं. मंगळवार पेठेकडच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो, तिसऱ्या वेळी नारायण पेठेतल्या एका वाड्यात मिळाली, एका आजींच्या नातीची, नात शिकायला बाहेर गेलेली. लेडीज फ्रेम, म्हणजे मधली दांडी खाली उतरलेली, सतरा इंच पण दांडी खाली असल्याने मला अडत नाही, पुढे बास्केट, मागे कॅरियर, दोन्ही मडगार्ड आणि पूर्ण चेनकव्हर. मी ड्रेस घालते, ओढणी असते, चेनकव्हर माझ्यासाठी गिअरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. किंमत २२००.

काकांनी ती कशी तपासली ते बघण्यासारखं होतं. आधी बाजूने उभं राहून पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो फोर्क, बघितला, तो मागे वाकलाय का, कारण समोरून धडक बसलेली असेल तर तो चाकाकडून मागे येतो. मग हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या येऊन मिळतात तिथे अंगठा फिरवला, रंगाला सुरकुती किंवा बारीक भेग आहे का. सायकल उलटी करून एक्सलच्या खाली बघितलं, गंज सगळ्यात जास्त तिथेच साचतो, वरवरचा तांबूस चालतो पण रंगाला फोड आले असतील तर आतून खाल्लेलं असतं. चाक फिरवून ब्रेकच्या गुटक्याशी नजर लावली, मागचं थोडं आऊट होतं, ते निघतं म्हणाले, पण रिमला चीर किंवा खड्डा असेल तर नाही निघत. चाक हातात धरून आडवं हलवलं, क्रँक धरून हलवली. बाबांच्या सायकलीसारख्या जुन्या सायकलींना क्रँकमधे कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलला घट्ट धरणारी खीळ, असते, ती झिजली की पायडल मारताना मधेच टक्कन रिकामा झोल लागतो. या सायकलीत तसं काही नव्हतं.

आणि मग त्यांनी खिशातून लोखंडी फूटपट्टी काढली. ही गोष्ट मला फार आवडली. चेनच्या एका पिनच्या बरोबर मध्यावर शून्य ठेवायचं, बारा इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य बरोबर आला पाहिजे. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला तर चेन बदलायला झाली. एक सूत पुढे गेला तर नुसती चेन घालून भागत नाही, तिने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दाते पण खाल्लेले असतात, दोन्ही घालावं लागतं. माझ्या सायकलीचा एक सुताच्या पण पुढे होता. त्यांनी आजींना पट्टी दाखवली, आजींनी चष्मा लावून वाकून बघितलं आणि स्वतःहून तीनशे रुपये कमी करायला निघाल्या. आम्हीच नको म्हटलं, सायकल त्या किमतीची होती.

माझ्याकडे फ्रिजवरचं लोहचुंबक होतं, ते रिमला लावून बघितलं, चिकटलं नाही म्हणजे ॲल्युमिनियम. पुण्यात पावसाळ्यात चालवायची असेल तर याला महत्त्व आहे, चमकणाऱ्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबराचे ब्रेक धरतच नाहीत, ओली रिम घेऊन उतारावर जायचं म्हणजे देवाचं नाव.

टायर दोन्ही गेलेले होते, आणि इथे मी परत एकदा पैसे घालवणार होते. मी उत्साहाने दुकानात जाऊन '२६ चे दोन द्या' म्हणून घेऊन आले, आणि ते बसेचनात. सव्वीस सगळे सारखे नसतात. जाड नक्षीवाले २६ × १.९५ वगैरे दशांशात लिहिलेले वेगळे आणि २६ × १ ३/८ असे अपूर्णांकात लिहिलेले वेगळे, रिमच एकतीस मिलिमीटरने लहानमोठी असते. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात जो दुसरा आकडा असतो तो बघायचा, ५५९ का ५९०. माझी ५९० ची होती. दुकानदार भला, बदलून दिले. सायकल बघायला जाल तेव्हा त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा आणि घ्यायच्या आधी आपल्या भागात तो टायर मिळतो का विचारा.

हिशेब असा झाला. सायकल २२००. टायर दोन ७००, ट्यूब २४०, चेन आणि फ्रीव्हील ४८०, ब्रेकचे गुटके आणि केबल १८०, ओव्हरहॉलिंग ६००, त्यात सगळे छर्रे नवीन आणि ग्रीस. म्हणजे वरचा खर्च पण बरोबर २२००. कुलूप आणि मागचा लाल दिवा ४५०. एकूण ४८५०. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पाच हजारांचं बजेट असेल तर पाच हजारांची सायकल बघू नका, अडीच-तीनची बघा आणि बाकीचे दुरुस्तीला ठेवा. डबल शॉकअपच्या मोहात तर पडूच नका, स्वस्तातले शॉकअप जुने झाले की नुसतं वजन वाढवतात, पायडलचा जोर खातात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. सहा किलोमीटरच्या डांबरी रस्त्याला ते लागतही नाहीत.

चोरीच्या सायकलीबद्दल पण दोन शब्द. सायकलला आरसी बुक नसतं, म्हणून बिल विचारायचं. नसेल तर एक्सलच्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला फ्रेम नंबर असतो, तो लिहून त्याखाली विकणाऱ्याची सही आणि तारीख घ्यायची, साध्या कागदावर. नंबर घासून काढलेला दिसला की तिथून निघायचं, कितीही स्वस्त असली तरी. आजींनी तर नातीच्या नावाचं मूळ बिल डब्यातून काढून दिलं.

ऑगस्टपासून मी रोज जातेय. डीपी रोड, म्हात्रे पूल, शास्त्री रोड, अलका चौक आणि मग पुढे दुकान, पस्तीस मिनिटं लागतात, बसची वाट बघण्यात तेवढा वेळ जायचाच. बोटं बधिर होत नाहीत. सिग्नलला दोन्ही पाय टेकतात. चढावर कधी कधी उतरून चालते, त्यात काही वाटून घेत नाही.

लेडीज सायकल या नावाने मात्र किती नुकसान होतंय ते मला आता दिसतंय. आमच्या बिल्डिंगमधले एक काका, अडुसष्ट वर्षांचे, खुब्याचा त्रास, मागून पाय टाकून चढता येत नाही म्हणून सायकल सोडली. त्यांना माझ्यासारखी खाली दांडी असलेली फ्रेम घ्या म्हटलं तर म्हणाले लोक काय म्हणतील. दोन महिने गेले असे. शेवटी माझीच सायकल त्यांना सीट वर करून दिली, म्हटलं एकदा ग्राउंडला चक्कर तर मारा. ते पाऊण तासाने परत आले आणि काही न बोलता किती वेळ हँडल धरून उभे होते. आता त्यांच्यासाठी बघतोय आम्ही, अठरा-एकोणीसची हवी, लेडीज फ्रेममधे ती मोठी साइज पटकन मिळत नाही.

आणि सायकली नाहीत असं नाहीये. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधे जाऊन बघा, पाण्याच्या पाइपला कुलपाने बांधलेल्या, हवा गेलेल्या, धूळ बसलेल्या दहा-पंधरा सायकली असतात. मुलं मोठी झाली, साइज लहान पडली, किंवा घेतानाच चुकीची घेतलेली. दिवाळीच्या आधी कमिटी नोटीस लावते, आठ दिवसांत नेल्या नाहीत तर भंगारात. त्यातली एक सोळाची आमच्या दुकानातल्या पोरीला हवी असते आणि तिला समजायला काही मार्ग नसतो की ती तिथे आहे, कारण कुणी मापच लिहिलेलं नाही. कमिट्यांनी नोटिशीबरोबर एक टेप आणि खडू ठेवावा एवढंच माझं म्हणणं आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, सीटवर आकडा लिहायचा.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं पण तेवढंच आहे. जुन्या सायकलीची जाहिरात घेताना तुमच्या काउंटरवरच्या माणसाने 'फ्रेम किती इंच आणि किती उंचीच्या माणसाला?' हा एक प्रश्न विचारावा आणि तो आकडा छापावा. माझ्या मुलीची सायकल तिला लहान पडलीय, तिची जाहिरात मी या आठवड्यात तुमच्या ऑफिसला आणून देणार आहे, ती अशीच्या अशी छापावी ही विनंती, शब्द जास्त झाले तर त्याचे पैसे भरेन:

'मुलांची जुनी सायकल विकणे. चाक २४, फ्रेम १४ इंच, उंची ४ फूट ७ ते ५ फूट. सीटचा पाइप मोकळा, वरखाली होतो. चेन पट्टीने मोजलेली, बरोबर आहे. मागचं टायर नवीन, पुढचं मडगार्ड नाही. मूळ बिल आहे. १८०० रुपये. कर्वेनगर. बघायला येताना मुलाला बरोबर आणा.'

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे